तारेतली कार्डं

२५ फेब्रुवारी २०२४, गुरुप्रतिपदा. गाणगापुरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या चारही खोल्या भरल्या होत्या, अंगणातल्या शहाबादी फरशीवरही सतरंज्या अंथरल्या होत्या. दुपारची माधुकरी आटोपून साताऱ्याचे एक आजोबा माझ्याजवळ येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील अनुष्ठानाला आले की आमच्याच घरी उतरायचे. "वहिनी, मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, वडिलांचं कार्ड कम्प्युटरवर आहे. त्यांचं अक्षर एकदा बघायचंय," ते म्हणाले.

मी कम्प्युटर लावला, फोल्डर उघडला. कार्ड दिसेना. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि मी माउस फिरवत राहिले होते. पाऊण तास शोधल्यावर माझ्या लक्षात आलं की एक कार्ड हरवलेलं नाही, ३७१ कार्डं हरवली आहेत, आणि ती मीच पुसली आहेत.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की आज घराघरात कागद आणि फोटो क्लाऊडवर चढवले जातात आणि जागा संपली की एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेले जातात. नेताना काय होऊ शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती कार्डं वाचली असती. दोन्ही सेवांची नावं मी लिहीत नाही. सांगितलं तेच त्यांनी केलं. सांगणारी मी होते.

आधी ती कार्डं काय होती ते सांगते. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, यात्रेकरूंची पत्रं लोखंडी तारेत ओवून ठेवायचे. "पौर्णिमेला सहकुटुंब येत आहे, संगमाच्या बाजूची खोली ठेवावी." "सप्ताह करायचा आहे, सोवळ्याची सोय व्हावी." गाणगापूर रोड स्टेशन गावापासून लांब, म्हणून बहुतेक कार्डांत गाडी किती वाजता पोचते तेही असायचं. नुसते पत्ते वाचले तरी या भागाचा इतिहास कळायचा. जुन्या कार्डांवर 'हैदराबाद संस्थान', १९५६ नंतरच्या कार्डांवर 'म्हैसूर राज्य', १९७३ नंतर 'कर्नाटक'. गाव तेच, घर तेच, उंबराही तोच. कुणी नोकरीच्या चिंतेत, कुणी मुलीच्या आजारपणात, कुणी नुसतंच दर्शनाला म्हणून लिहिलेलं. पोस्टकार्डाला पाकीट नसतं, त्यामुळे माणसं थोडंच लिहीत, पण लपवून लिहीत नसत.

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला. अफजलपूर तालुक्यातली कितीतरी गावं हलवावी लागली. आमचं घर संगमापासून आत आहे, पाणी दारापर्यंत आलं नाही. पण त्या पावसात माडी गळली आणि तारेतली कार्डं भिजली. शाई पसरली, कडांना बुरशी धरली. मग पुढच्या वर्षी मी आणि पुण्याहून आलेल्या पुतण्याने सगळी स्कॅन करायला घेतली. मी घरच्या कम्प्युटरवर करायची, तो फोनवर. माझी झाली ६४०, त्याची ३७१.

आणि मग मी एक गोष्ट केली, तिचं दुःख अजून जात नाही. हातात घेताच तुकडे पडतील अशी जीर्ण कार्डं मी संगमावर नेऊन विसर्जित केली. जुन्या पोथ्यांचं करतात तसं. स्कॅन झालंय, आता काळजी नाही, असं वाटलं. पुतण्याने स्कॅन केलेली सगळी त्यातच होती, कारण नाजूक कार्डं मी त्याच्याकडे दिली होती. त्याचा हात हलका.

२०२३ मध्ये जुन्या सेवेतली जागा भरली. नव्या सेवेत घरातल्या सगळ्यांना मिळून एकच योजना घेता येत होती, पैसेही कमी. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला आणि आम्ही सगळं तिकडे नेलं. त्याचा फोल्डर त्याच्या खात्यात होता, माझा माझ्या. दोन्ही आता एके ठिकाणी आले. तो परत गेल्यावर मी आवराआवर करायला बसले, तर शेजारी शेजारी दोन फोल्डर. दोन्हींचं नाव 'यात्रेकऱ्यांची पत्रं'. दोन्हींमध्ये फायली ००१, ००२, ००३ अशा. मला वाटलं, नेताना चुकून दोनदा आलं. एक पुसला. जुन्या खात्यातलंही सगळं रिकामं करून ते बंद केलं, कारण पुढच्या महिन्याचे पैसे कापले जाणार होते.

एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर राहिले कसे, हे नंतर पुतण्याने शोधून काढलं, आणि प्रत्येक मराठी माणसाने ते समजून घ्यावं असं मला वाटतं. 'यात्रेकऱ्यांची' मधला 'ऱ्यां' कम्प्युटरला तीन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे सुटं, एकसंध अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र आणि खाली नुक्ता, असे दोन तुकडे. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. अनेक यंत्रांच्या लेखी ती तीन वेगळी नावं असतात. माझा कीबोर्ड एका पद्धतीने लिहितो, त्याच्या फोनचा दुसऱ्या. सुऱ्या, दऱ्या, कोऱ्या, सातबाऱ्या, पुजाऱ्यांच्या, जिथे जिथे हे अक्षर येतं तिथे हा धोका आहे. आणि ००१, ००२ हे आकडे तर स्कॅनर आणि फोन दोघेही आपापले देत होते. ००१ मध्ये माझ्याकडे सोलापूरचं कार्ड होतं, त्याच्याकडे वर्ध्याचं. मी उघडून पाहिलंच नाही.

पुसलं नोव्हेंबरमध्ये. कळलं फेब्रुवारीच्या शेवटी. पुसलेली फाईल ३० दिवस परत आणता येते, ही मुदत अनेक सेवांत असते आणि आमच्या सेवेतही होती. मध्ये दत्तजयंती गेली, २६ डिसेंबरला. त्या गर्दीत मी कम्प्युटर उघडलाही नव्हता. पुतण्याला फोन केला. "काकू, माझ्या लॅपटॉपवर असणार, थांबा," म्हणाला. नव्हती. त्याचा लॅपटॉप त्याच खात्याला जोडलेला होता. मी इथे पुसलं त्या क्षणी तिथलंही पुसलं गेलं होतं.

सिंक म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी समजत होते, तीन ठिकाणी आहे म्हणजे तीन प्रती आहेत. प्रत एकच होती. ती तीन आरशांत दिसत होती. म्हणून सेवा बदलायला घेताना पहिलं काम हे की जे काही आहे ते एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं, डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि बदल पुरा होईपर्यंत कशालाही जोडायची नाही. मगच पुढचं.

उतरवून घेतानाही फसगत होते. कम्प्युटरवर फाईल दिसते, नाव दिसतं, छोटं चित्रही दिसतं, पण बाजूला ढगाची खूण असते. म्हणजे फाईल तिथे नाही, नुसती पाटी आहे. आधी सगळं 'या यंत्रावर कायम ठेवा' असं करून पूर्ण उतरू द्यावं लागतं. गुगल डॉक्ससारख्या ठिकाणी टाइप केलेल्या मजकुराचंही तसंच. कम्प्युटरवर दिसते ती त्या मजकुराकडे नेणारी खूण. मजकूर हवा तर तो वर्डच्या किंवा पीडीएफच्या रूपात वेगळा काढावा लागतो. माझ्याकडे खोल्यांचा बारा वर्षांचा हिशोब तसा होता. सुदैवाने तो पुतण्याने आधीच काढून ठेवला होता.

वेळेचा हिशोब आधीच मांडून ठेवावा. आमचा एकूण पसारा ६० जीबी. घरच्या लाईनीचा वर चढवण्याचा वेग दहा एमबीपीएस धरला, तर सेकंदाला सव्वा एमबी चढतं. म्हणजे एकही मिनिट न थांबता जवळजवळ साडेतेरा तास. आम्हाला चार दिवस लागले, कारण मध्ये वीज गेली, लाईन तुटली, आणि प्रत्येक वेळी काय चढलं नि काय राहिलं हा गोंधळ. घाईच्या दिवसांत, यात्रेच्या तोंडावर, पाहुणे घरात असताना हे काम काढूच नये. कम्प्युटरची जाण असलेला कुणी घरात असेल तर आरक्लोन नावाचं मोफत साधन आहे. ते एका सेवेतून दुसरीत नक्कल करतं, अडलं तर पुन्हा चालवता येतं, आणि दोन्हीकडचं जुळतं का तेही ताडून सांगतं. पुतण्या आता तेच वापरतो.

ताडून पाहणं ही गोष्ट मी सर्वांत जास्त आग्रहाने सांगेन. आमच्या घरात गुरुचरित्राची पारायणं इतकी झाली, तरी मला हे सुचलं नाही. पोथीत प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या दिलेली असते. नक्कल करणाऱ्याने ओव्या मोजाव्यात, मूळ आकड्याशी ताडावं, एक जरी कमी भरली तरी कुठे सुटली ते शोधावं. तसंच इथे. हलवण्याआधी प्रत्येक फोल्डरमध्ये किती फायली आणि किती एमबी, हे वहीत लिहायचं. हलवल्यावर पुन्हा मोजायचं. मी लिहून ठेवलं असतं तर ६४० आणि ३७१ हे दोन वेगळे आकडे समोर असते आणि हात थांबला असता. आकडे जुळले तरी प्रत्येक फोल्डरमधल्या पाच-दहा फायली उघडून बघाव्यात, पहिल्या आणि शेवटच्या तर नक्कीच.

नावांबद्दल आता मी कडक झाले आहे. फाईलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस असे आकडे, मग गावाचं छोटं नाव. तिरकी रेघ, विसर्ग-चिन्हासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह यातलं काही नाही. ही चिन्हं एका सेवेत चालतात, दुसरीत अडतात. लांबलचक मराठी नावंही टाळावीत, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि काही यंत्रांत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. झिप करून आणलेल्या मराठी नावांच्या जागी चौकोन नि चिन्हं आलेली मी पाहिली आहेत. शिवाय फोटो नव्या सेवेत गेले की काही वेळा त्यांची तारीख बदलते; आजोबांचं लग्नही गेल्या मंगळवारचं दिसू लागतं. तारीख नावातच असली की ती भीती राहत नाही.

जुनी सेवा लगेच बंद करू नये. दोन-तीन महिन्यांचे पैसे दोन्हीकडे भरावेत. मी जे पैसे वाचवले त्यात घरच्यांचा एक दिवसाचा स्वयंपाकही झाला नसता. त्या काळात जुन्यातलं काही पुसायचं नाही, नव्यातही नाही. 'डबल' वाटणारं काही दिसलं तर ते न पुसता वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवायचं. आणि ज्यांना तुम्ही जुन्या लिंका पाठवल्या आहेत त्यांना कळवायचं, कारण त्या सगळ्या मरतात. आम्ही यजमानांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कार्डांच्या लिंका अशाच बंद पडल्या आणि तीन महिने कुणी बोललं नाही.

कुणी म्हणेल, मग बदलायचंच कशाला? बदलावं लागतं. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ला बंद झालं. ज्यांनी तिथे ठेवलं होतं त्यांना हलावंच लागलं. कुठलीच जागा कायमची नाही, म्हणून हलायची रीत शिकून ठेवायची.

आणि एक वर्गवारी मी आता आधी करते. शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, गेली तर कर्नाटक सरकारच्या 'भूमी' केंद्रातून पुन्हा निघते. आधार, गुणपत्रिका डिजिलॉकरमधून उतरवता येतात. विजेची बिलं गेली तरी कुणाचं अडत नाही. पण हाताने लिहिलेलं, एकाच जागी असलेलं, ज्याचा लिहिणारा आता नाही, ते पुन्हा मिळत नाही. जपायचं ते आधी हेच. आणि त्याचा मूळ कागद, कितीही जीर्ण असो, स्कॅन झाला म्हणून सोडायचा नाही. संगमावर तर न्यायचाच नाही. मी दोन कागदांमध्ये ठेवून, कोरड्या डब्यात जपला असता तर आज निदान तुकडे तरी असते.

त्या दिवशी साताऱ्याच्या आजोबांना मी खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या मामंजींनी उत्तरं पाठवली असतील ना? आमच्या घरी ट्रंकेत बघतो."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. पत्रांची एक बाजू इथे तारेत होती, दुसरी महाराष्ट्रभर लोकांच्या घरी आहे. तेव्हापासून उतरायला येणाऱ्या प्रत्येक जुन्या घराला मी विचारते. आतापर्यंत ११ कार्डं आली आहेत, काहींचे फोटो, तीन प्रत्यक्ष. पहिलं साताऱ्याहून आलं. निळी शाई, मामंजींचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर: खोली ठेवली आहे, स्टेशनवर माणूस पाठवतो, पाऊस आहे, छत्री आणावी.