कमान ओळखावी सांध्यांवरून

दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळ कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचे भग्नावशेष आहेत. कुतुबुद्दीन ऐबकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधविली. पाडलेल्या 27 मंदिरांचे सामान तिच्यासाठी वापरल्याचे तेथील शिलालेखच सांगतो. पुरेशी उंची मिळावी म्हणून मंदिरांचे खांब एकावर एक रचलेले आजही दिसतात.

1199 च्या सुमारास प्रार्थनागृहापुढे कमानींची भव्य भिंत उभारण्यात आली. तिची मधली कमान सुमारे 16 मीटर उंच आहे. पण तिच्या दगडांमधील सांधे पाहा. ते आडवे, जमिनीला समांतर आहेत! आकार कमानीचा असला, तरी रचना कमानीची नाही. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढून दोन्ही बाजू माथ्यावर जुळविल्या आहेत. मंदिरांची छते रचणाऱ्या येथील कारागिरांना हीच पद्धत अवगत होती.

असा पुढे आलेला दगड पडत का नाही? 24 सेंटिमीटर लांबीची चार सारखी पुस्तके घ्या. सर्वांत वरचे पुस्तक त्याखालच्या पुस्तकापुढे 12, दुसरे तिसऱ्यापुढे 6, तिसरे चौथ्यापुढे 4 आणि चौथे टेबलाच्या कडेपुढे 3 सेंटिमीटरपर्यंत काढता येते. ही झाली मर्यादा. ती ओलांडली, की गुरुत्वमध्य आधाराबाहेर जातो आणि पुस्तके कोसळतात. आता मागच्या टोकांवर वजन ठेवा. पुस्तके आणखी पुढे काढता येतील. भिंतीत हे काम दगडांच्या मागील टोकांवरचे बांधकाम करते.

खऱ्या कमानीत दगड पाचरीसारखे तासलेले असतात. त्यांचे सांधे आडवे नसून वर्तुळाच्या त्रिज्यांप्रमाणे तिरपे असतात. वरचा भार प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबतो. दगड ताणाने सहज तडकतो, पण दाब उत्तम सोसतो. म्हणून अशी कमान मोठे अंतर पेलते. मात्र ती भिंतींना बाहेर रेटते, त्यामुळे भिंती भक्कम लागतात. शिवाय माथ्याचा शेवटचा दगड बसेपर्यंत खाली लाकडी आधार ठेवावा लागतो.

याच आवारात अल्लाउद्दीन खलजीने 1311 मध्ये बांधविलेला अलाई दरवाजा आहे. त्याच्या कमानींचे सांधे मात्र तिरपे आहेत! सुमारे 110 वर्षांत बांधकामाची नवी विद्या येथे रुजली होती. तिची साक्ष हे दगड शेजारी शेजारी उभे राहून देत आहेत.

तुमच्या परिसरात जुनी वेस, पूल किंवा मंदिर असेल, तर तेथील सांधे तपासा. ते आडवे आहेत की तिरपे?