दहावीचं वर्ष आणि रविवार

नववीची परीक्षा झाली की आमच्या नगरच्या मंडळीत संडे स्कूलचा मोठा वर्ग ओस पडू लागतो. "बाई, यंदा दहावी. रविवारी क्लासची टेस्ट असते, वर्षभर सांभाळून घ्या," असं आया सांगायला येतात. वर्ष सरतं, पुढे बारावी, नीट, सीईटी. मग ते मूल दिसतं थेट नाताळच्या उपासनेला, शेवटच्या बाकावर. अभ्यासाला माझा विरोध नाही, पण अडचण आली की आधी काय सोडायचं, हे मूल आपल्याकडे बघूनच शिकतं. टेस्ट दुपारी घ्या म्हणून क्लासच्या सरांना विचारून तर बघा. आमच्याकडे दोन पालकांनी विचारलं आणि सर लगेच कबूल झाले.

"मिशनची शाळा आहे, तिथे होईलच की" यावरही विसंबू नका. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ तसं सांगतं, आणि ते योग्यच आहे. ही जबाबदारी घराची.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला वचनं पाठ म्हणण्याचं बक्षीस दर वर्षी ठरलेलं. तिचे आजोबा वारले, तेव्हा मातीच्या दिवशी तिने विचारलं, "एवढी प्रार्थना केली, मग प्रभूने ऐकलं का नाही?" कोणीतरी तिला दटावलं, "असं विचारू नये." तिने पुन्हा विचारलं नाही. हळूहळू यायचीही थांबली. तेव्हापासून मी सगळ्या आईबापांना सांगते, मुलाला गप्प करू नका. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र देवाला जाब विचारूनच सुरू होतं, ते त्याच्याबरोबर वाचा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक वाचताच येत नाही, म्हणून गाणं सुरू झालं की ती नुसती उभी राहतात. रोज रात्री घरी एक कडवं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळली तरी हसू नका.

एखाद्या दिवशी मूल प्रार्थनेला नको म्हणालं तर तुम्ही करा, त्याला नुसतं बसू द्या. सक्ती नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं टिळकांनी बायकोवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने.