प्लॉटच्या ब्रोशरमधलं इंग्रजी

चौक फाट्यावरून कर्जतकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊस, सेकंड होम आणि एनए प्लॉटचे फलक सुरू होतात. जमीन इथली, गिऱ्हाईक बरंचसं मुंबईचं आणि भाषा बहुतेक इंग्रजी. मन वळवणारं इंग्रजी कसं लिहितात, हे शिकायला याहून स्वस्त पाठ्यपुस्तक मिळणार नाही. कॉलेजातल्या पोरांनी, साइटवर सेल्सचं काम करणाऱ्यांनी आणि प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांनीही एखादं ब्रोशर पेन्सिल हातात घेऊन वाचावं. खालचे नमुने मी बनवलेले आहेत, पण त्यांची भावंडं सहज सापडतील.

आधी विशेषणांभोवती गोल काढा. ‘सिरीन, सीक्लुडेड, सह्याद्री-फेसिंग’ हा शाळेत शिकलेला अनुप्रासच, वर तीन शब्दांचा ठेका. इंग्रजी जाहिरातीला तीनचं भारी वेड. लोक याच शब्दांना फसवे म्हणतात; मला ते सगळ्यांत निरुपद्रवी वाटतात. त्यांत तपासण्यासारखं काही नसतंच, तेव्हा खुशाल आवडू द्यावेत.

खरी कारागिरी क्रियापदात असते. ‘अ क्लबहाऊस इज प्रपोज्ड’, ‘रोड्स विल बी डेव्हलप्ड’. अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा, कोण करणार? कधीपर्यंत? कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला तरी वाक्य व्याकरणशुद्ध राहतं, आणि जबाबदारी मात्र कुणाच्याच अंगावर येत नाही. क्लबहाऊस प्रस्तावित आहे हे खरंच असतं; दहा वर्षांनीही खरंच असेल. यावर उपाय साधा: ते वाक्य कर्ता आणि तारीख घालून मराठीत लिहा. ‘अमुक कंपनी अमुक महिन्यापर्यंत रस्ता करून देईल.’ लिहिताना जिथे पेन अडेल, तोच प्रश्न सेल्सवाल्याला विचारायचा. ‘मे’, ‘कॅन’, ‘अप टू’ आणि ‘स्टार्टिंग फ्रॉम’ यांच्याखालीही रेघ हवी. ‘स्टार्टिंग फ्रॉम’च्या किमतीत बहुधा कोपऱ्यातला एखादाच प्लॉट बसतो.

मग आकडे. ‘जस्ट 15 मिनिट्स फ्रॉम द एक्सप्रेसवे’. आकडा दिसला की माणूस वाद घालायचं सोडतो. पण एक्सप्रेसवेवर वाटेल तिथून चढता येत नाही. मिनिटं कुठल्या एक्झिटपासून मोजली आणि कोणत्या वेळी? शनिवारी सकाळी घाटाच्या रांगेत अडकलेल्याला हे समजावून सांगायला नको. मिनिटांऐवजी किलोमीटर मागा.

अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले होते: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. मिनिटांचा आकडा युक्तिवादाचं सोंग घेतो. ‘युवर चिल्ड्रन डिझर्व्ह फ्रेश एअर’ आणि ‘ओन्ली फ्यू प्लॉट्स लेफ्ट’ ही भावनेची वाक्यं; पहिलं अपराधी वाटायला लावतं, दुसरं घाई करायला. यांना उत्तर एकच, टोकन त्या दिवशी द्यायचं नाही.

बोलणाऱ्याची पत मात्र कागदावर तपासता येते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक लागतो आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तो स्कॅन करून ब्रोशरमधलं चित्र आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवा. ‘रिव्हर-टच’ दिसलं तर पूररेषा कुठून जाते ते विचारा. उल्हास असो की पाताळगंगा, पावसाळ्यातली नदी वेगळी असते. ‘माथेरान व्ह्यू’ खरा असेलही, पण माथेरान आणि भोवतालचा प्रदेश 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आपला गट त्यात येतो का ते पाहायला हवं. ‘फार्म प्लॉट’ वाचलं की सातबारा मागवा. जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. हे वाक्य ब्रोशरमध्ये सहसा नसतं; न लिहिणं हीसुद्धा लेखनातली एक युक्तीच.

शेवटी, मराठीत उतरवलेल्या आश्वासनांपैकी जी महत्त्वाची वाटतात ती विक्री-करारात घालायला सांगा. ब्रोशरवर मिळाल्याची तारीख टाकून ते जपून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झालं, तर विकासकाकडून भरपाई मागता येते, आणि तेव्हा तो गुळगुळीत कागद पुरावा म्हणून लागेल.