दोराचा भरवसा

दातिवरे गाव समुद्रकाठी आहे. गावाजवळच वैतरणा नदी समुद्राला मिळते. भरती आली की होड्या वर उचलतात. ओहोटी लागली की खाली जातात. होडीला जागेवर धरतो तो दोर.

एका सकाळी बाप नांगराचा दोर हातातून सरकवीत बसला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, दोर तर धड दिसतोय. मग काय बघता?"

"वरून दिसतोय धड. जरा पीळ उकलून बघ."

मुलाने पीळ उकलला. आत रेती भरली होती. धागे तुटले होते.

बाप म्हणाला, "रेती आत शिरते नि धागे कापते. दोर आतून मरतो, बाळा."

पूर्वी दोर काथ्याचे असत. नारळाचे सोडण पाण्यात कुजवतात, बडवतात. त्याचा काथ्या निघतो. काथ्याला खारे पाणी लवकर बाधत नाही. आता नायलॉनचे दोर आले. ते काथ्याहून पुष्कळ बळकट असतात. पण उन्हात पडून राहिले की तेही कमजोर होतात.

मोठी जहाजे धक्क्याला बांधतात ती जाडजूड दोरखंडांनी. जहाज ओढून न्यायचे तेही दोरखंडानेच. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, म्हणून लाटेचा हिसका सोसतो. पण तुटला तर चाबकासारखा उलटतो. त्या फटक्याने माणसाचा जीव जातो.

मे २०२१ मध्ये अरबी समुद्रात तौक्ते वादळ आले. मुंबई हायजवळ 'पी-३०५' या बार्जचे नांगर टिकले नाहीत. १७ मे रोजी ती बुडाली. साठांहून अधिक माणसे गेली. त्याच वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' ही दुसरी बार्ज वाहत आपल्या पालघरच्या वडराई किनाऱ्याजवळ येऊन अडकली. तिच्यावरचे सर्व १३७ जण वाचले. वादळापुढे भले भले नांगर हरतात. मग झिजलेल्या दोराची काय कथा!

बापाने दोराचा झिजलेला भाग कापून टाकला. मुलगा म्हणाला, "दोर आखूड झाला की!"

"म्हणून नवा आणू. आखूड दोर भरतीला ताणतो. मग तो तुटतो, नाहीतर नांगर उचकटतो. दोराचे पैसे वाचवायचे नि होडी घालवायची, हा कुठला हिशेब?"

लक्षात ठेवा :
१. दोर जिथे घासतो, तिथे रोज पाहा. तिथे जुने कापड गुंडाळा.
२. भरतीचा अंदाज घेऊन दोर सैल ठेवा.
३. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका.

सांगा पाहू :
१. दोर आतून का तुटतो?
२. तुमच्या घरी कोणकोणते दोर आहेत? त्यांतला एक आज तपासा.