कोरडा झरा आणि कोरा रकाना

अमेरिकेतील युटा राज्याच्या पूर्वेस बुक क्लिफ्स नावाची जी कड्यांची विस्तीर्ण रांग आहे, तिच्या उदरात कोळशाचे थर आहेत आणि तिच्या घळी वर्षाचे बहुतेक महिने कोरड्या असतात. अशा घळींतील पाण्यावर देखरेख ठेवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या काळातील एका प्रकरणाची हकिकत, या कामात नव्याने पडणाऱ्यांच्या उपयोगी यावी म्हणून, येथे नमूद करतो.

खाणीच्या माथ्यावरील पठारावर गुरे चारणाऱ्या एका वृद्ध पशुपालकाने अशी फिर्याद केली की, त्याच्या आजोबांच्या वेळेपासून गुरांची तहान भागवणारा झरा, खाणकाम त्याच्याखाली पोहोचल्यापासून आटला. लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा रुंद पट्टा सलग काढून घेतला जातो आणि मागचे छत कोसळू दिले जाते. त्यायोगे वरचे खडक भेगाळतात, भूपृष्ठ खचते, आणि चिकणमातीच्या ज्या थरावर पाणी अडून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते तो थरच तडकला, तर झरा आटतो किंवा उताराच्या खालच्या अंगास फुटतो. परंतु हीच माती कधी ओलाव्याने फुगून भेगा बुजवते, आणि अवर्षणात खाण नसलेल्या ठिकाणचे झरेही आटतात; सबब निवाडा व्हायचा तो पूर्वीच्या नोंदींवरूनच. दफ्तर उघडले, तेव्हा खाणकामापूर्वीच्या शरद ऋतूंचे रकाने कोरे आढळले. झरा त्या वेळी कोरडा होता, की लवकर पडलेल्या बर्फाने वाट बंद झाल्यामुळे तेथे कोणी गेलेच नव्हते, याचा उलगडा कोणत्याही कागदावरून होईना. त्या वृद्धाचे म्हणणे खोटे ठरले नाही, खरेही ठरले नाही; गुरे मात्र त्याला विकावी लागली. हा अन्याय होता, असे माझे आजही मत आहे.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की, झरा कोरडा आढळला तर ‘कोरडा’ असेच, तारीख व वेळ घालून लिहावे. जाता आले नाही तर त्याचे कारण लिहावे. रकाना कोरा कदापि ठेवू नये. १९७७ चा संघीय कायदा परवान्यापूर्वीच पाण्याच्या ऋतुमानानुसार नोंदी मागतो आणि पुढे दर तीन महिन्यांनी अहवाल मागतो, परंतु तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

घळींच्या मुखाशी मँकोस शेल हा करडा खडक उघडा पडलेला असतो व त्यावरून जाणारे पाणी आपसूकच क्षारयुक्त होते. तेव्हा खालचा एकच नमुना पाहून खाणीवर दोषारोप करणे अयोग्य, आणि सारे खापर खडकावर फोडून खाणीला निर्दोष ठरवणे तितकेच अयोग्य. खाणीच्या वर, खाली आणि शेजारच्या खाणविरहित घळीत एकाच दिवशी मापे घ्यावीत. विरघळलेल्या लोहासाठी नमुना जागीच गाळून मगच त्यात नायट्रिक आम्ल घालावे, नाहीतर गाळातील लोह विरघळून आकडा फसवा येतो. खाणीत पाझरणाऱ्या पाण्याची ट्रिटियमसाठीही तपासणी करावी. ते आढळल्यास त्या पाण्याचा काही अंश तरी १९५० च्या दशकातील अणुचाचण्यांनंतर जमिनीत मुरलेला, म्हणजे अलीकडचा आहे, असे समजते.

आणि झऱ्याचे माप घेताना त्या पठारावरील पशुपालकाला आवर्जून बोलवावे, पंचनाम्यावर पंचांची घेतात तशी नोंदीवर त्याची सही घ्यावी, व एक प्रत त्याच दिवशी त्याच्या स्वाधीन करावी.