खाडीतली भरती

खाडीकाठी बांधलेली होडी तुम्ही पाहिली आहे का? सकाळी ती पाण्यावर डुलत असते. दुपारी पाहावे तर तीच होडी चिखलात कलंडून पडलेली! होडी कोणी हलवलेली नसते. पाणीच निघून गेलेले असते.

रत्नागिरी जिल्ह्यातली वाशिष्ठी नदी घ्या. ती सह्याद्रीतून निघते, चिपळूणवरून वाहते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी दाभोळहून सुमारे ४० किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. पूर्वी मालाची गलबते याच पाण्याबरोबर गोवळकोट बंदरात येत. भरती साधली की वल्हवण्याचे निम्मे कष्ट वाचत.

भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. एका भरतीनंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी येते. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र होते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास मात्र पाण्याची चढ-उतार कमी असते. कोळी तिला भांगाची भरती म्हणतात. तुमच्या घरी चांदची तारीख पाहतात ना? मग तुम्हांला हे सोपे आहे. चौदावीचा चांद आला की उधाण जवळ आले. सातवी-आठवीचा अर्धा चांद म्हणजे भांग.

कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चौथ असेल तर भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. चांदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, एवढे लक्षात ठेवा.

पण ही वेळ समुद्रकाठची. खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते, कारण भरती ही एक लांबच लांब लाट आहे. चार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे २२ किलोमीटर जाते. म्हणजे ४० किलोमीटर जायला तिला जवळजवळ दोन तास लागतात. पाणी उथळ झाले की ती आणखी मंदावते. शिवाय लाटेचा माथा खोल पाण्यातून जातो, म्हणून तो वेगाने पुढे सरकतो. पायथा मागे रेंगाळतो. त्यामुळे आतल्या गावांत पाणी भराभर चढते आणि उतरताना मात्र खूप वेळ घेते.

खारे पाणी जड असते. ते तळाने आत शिरते आणि नदीचे गोडे पाणी त्याच्यावरून बाहेर जाते. उन्हाळ्यात कोकणातल्या पुष्कळ नद्या आटतात, तेव्हा खारेपणा दूरवर चढतो. वाशिष्ठीला मात्र कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले गोडे पाणी उन्हाळ्यातही मिळते.

पावसाळ्यात हीच भरती नदीची वाट अडवते. २२ जुलै २०२१ हा बकरी ईदचा दुसरा दिवस होता. आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस कोसळत होता. पहाटे चिपळूण शहरात पाणी शिरले. पुराचे मुख्य कारण पाऊसच होता. पण त्या दिवशी तेरस होती आणि उधाण जवळ आले होते. तेराची पाऊणपट किती? पावणेदहा. म्हणजे पहाटेपासून दाभोळकडून भरती चढत होती आणि वरून नदी येत होती. पाण्याला समुद्राकडे जायला वाट मिळेना. बाजारपेठ बुडाली, लोक माळ्यावर आणि छपरांवर चढले. ओहोटी लागल्यावरही पाणी लगेच उतरले नाही. ते का, हे तुम्ही वर वाचलेच आहे.

शब्दार्थ : कलंडणे – एका बाजूला झुकणे. पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग. तेरस – तेरावी तिथी. ओहोटी – भरतीनंतर पाणी उतरणे.

स्वाध्याय : आज चांदची कितवी तारीख आहे? त्यावरून समुद्रकाठची भरती किती वाजता येईल, ते काढा. ४० किलोमीटर आतल्या गावात ती केव्हा पोहोचेल?