बर्फावरचा झाडू

प्रश्न : हिवाळी ऑलिंपिकमध्ये दगड सरकवून त्याच्यापुढे झाडू मारत धावणारे खेळाडू पाहिले. त्याने खरंच फरक पडतो की नुसता देखावा? कॅनडात या खेळाची दरवर्षी मोठी स्पर्धा भरते म्हणतात, ती कोणती?
— एक वाचक, सांगली

उत्तर : देखावा मुळीच नाही. या खेळाचा, म्हणजे कर्लिंगचा, बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून दाणे धरतात. सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड या दाण्यांच्या माथ्यावरून सरकतो. ब्रशने जोर लावून घासले की बर्फ किंचित तापतो आणि घर्षण घटते. मग दगड जास्त लांब जातो, वळतोही कमी. तो मुळात वळतो कसा, हे मात्र कोडेच आहे. उपडा पेला गरकन फिरवून टेबलावर सरकवला, तर तो ज्या बाजूला वळतो, त्याच्या बरोबर उलट बाजूला हा दगड वळतो. यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

कॅनडातली स्पर्धा एक नाही, दोन आहेत. पुरुषांची ‘ब्रायर’ १९२७ मध्ये टोरोंटोत सुरू झाली आणि पहिलाच मान नोव्हा स्कोशियाने पटकावला. ब्रायर हे मॅकडोनाल्ड कंपनीच्या तंबाखूचे नाव. कंपनीने १९७९ नंतर अंग काढून घेतले, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच! महिलांना देशपातळीवरच्या वार्षिक स्पर्धेसाठी १९६१ पर्यंत थांबावे लागले. आज ती ‘स्कॉटीज’ म्हणून ओळखली जाते, आणि हे नाव टिश्यू पेपरचे.

दोन्हीकडे प्रांतोप्रांतीचे संघ उतरतात, त्यामुळे चुरस क्लबांची न राहता मुलखामुलखांची होते. न्यूफाउंडलंडचेच पाहा. या प्रांताने १९७६ मध्ये ब्रायर जिंकली, त्यानंतर चार दशके हात रिकामेच. तिथल्या ब्रॅड गशूने २००६ मध्ये ट्यूरिनला ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, तरी ब्रायर काही हाती येईना. ती मिळाली २०१७ मध्ये, तीही घरच्या सेंट जॉन्समध्ये. अंतिम सामन्यात ६-६ अशी बरोबरी होती आणि गशूचा शेवटचा दगड उरला होता. त्याने तो सोडला, पण जोर कमी पडला. दोघा सहकाऱ्यांनी जिवाच्या आकांताने बर्फ घासत तो लक्ष्याच्या वर्तुळात नेला आणि सामना ७-६ असा जिंकला. झाडूची करामत पाहायची असेल, तर याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

स्कॉटीज साधारण फेब्रुवारीत आणि ब्रायर त्यापाठोपाठ मार्चच्या सुमारास होते. सामना पाहाल तेव्हा दगडाकडे कमी आणि घासणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवा.